गिटारीवरचा ओरखडा

  दुपारची भांडी राहिली असतील तर राहू द्या. पाव तास आमच्याजवळ बसा, मग घासा.

मागच्या खेपेला आम्ही शेवयांच्या मशिनीविषयी सांगितलं होतं. आज गिटारीविषयी सांगणार आहोत. हसू नका. आमच्या गटाकडे खरोखर एक गिटार आहे, रजिस्टरमध्ये तिची नोंद आहे, आणि तिच्यावरून आमच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी कर्जाच्या हप्त्यावरूनही कधी झाली नाही.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीनचं. गावात पखवाज आहे, टाळ आहेत, देवळात वीणा आहे. गिटार कुणी मागितली होती? पण शाळेत एक सर होते, ते शनिवारी पोरांकडून गिटारीवर गाणी म्हणून घ्यायचे. सरांची बदली झाली. गिटार विकून जातो म्हणाले. तेव्हा तीन पोरी, एक नववीतली आणि दोन आठवीतल्या, आमच्या बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या पातेल्यांच्या भाड्याचे पैसे गटात जमलेले आहेत, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी तोंडावर हिशेब मांडला. आम्ही तीन हजार दोनशेला गिटार घेतली. समाजमंदिराच्या खोलीत खिळ्याला टांगली. पोरींनी पाळीपाळीने वाजवायची, असं ठरलं.

दीड वर्ष बरं गेलं. मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी हळदीकुंकवाला सगळ्या जमलो, पोरींना म्हटलं गाणं म्हणा. गिटार उजेडात आली आणि आमच्या खजिनदारबाईंनी ओरखडे पाहिले. गिटारीच्या पोटावर गोल भोक असतं ना, त्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रेघाच रेघा. मांजराने नख्या मारल्यासारख्या. कुणी केलं? तेव्हा आठवीत असलेली एक पोर खाली मान घालून म्हणाली, माझ्याच हातून झालं.

आता ही पोर कुणाची ते सांगितलं पाहिजे. तिचे आईबाप कोयत्यावर जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, आणि पाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. तोवर पोर आजीजवळ. आजी आमच्याच गटातल्या, सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. तर त्या बैठकीत आम्ही काय केलं? गटाची वस्तू खराब झाली की दंड, हा आमचा नियम. पातेल्याला पोचा पडला की घेणाऱ्याकडून भरपाई घेतो. तोच नियम गिटारीला लावला. दोनशे रुपये. आक्का काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला पदराच्या गाठीतून दोनशे रुपये काढून सतरंजीवर ठेवले. आम्ही मोजून घेतले. पावतीही दिली.

हे सांगताना आम्हाला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

त्यानंतर पोर यायची बंद झाली. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्हीच जाऊन तिला आणलं. ती आली, तिने गिटार मांडीवर घेतली, आणि इतकं हळू वाजवलं की पहिल्या रांगेतल्या बायांनाही ऐकू गेलं नाही. बोटं तारांना लागतायत की नाही तेच कळेना. गाणं संपल्यावर तिने गिटार खाली ठेवली, ओढणीने पुसली आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

आम्हाला वाटलं, गिटारीला काहीतरी संरक्षण लावावं म्हणजे पोरीची भीती जाईल. बैठकीत विषय निघाला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाली, मोबाईलला काच लावतात तशी लावा. दुसरी म्हणाली, आमच्या ओट्याच्या कामातला सनमायका उरलाय, फेविकॉलने चिकटवू. तिसरीने तोवर रेघांवर खोबरेल तेल चोळूनही टाकलं होतं. तिला वाटलं, रेघा बुजतील. शेवटी आम्ही सरांना फोन लावला.

सर आधी हसले. मग म्हणाले, याला पिकगार्ड म्हणतात. पिक म्हणजे शेतातलं पीक नव्हे बरं का. सतार वाजवताना बोटात तारेची नखी घालतात ना, तशी गिटारीला प्लॅस्टिकची छोटी तिकोनी चकती चिमटीत धरतात. तीच पिक. तारांवरून हात खाली येताना ही चकती पुढे जाऊन लाकडावर घासते. म्हणून त्या जागी प्लॅस्टिकचा पातळ तुकडा चिकटवतात, तो पिकगार्ड. पुष्कळ गिटारींना तो कारखान्यातूनच लागून येतो. आमच्या गिटारीला नव्हता.

मग सरांनी आम्हालाच विचारायला सुरुवात केली. पोर कशाने वाजवते?

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. पोरींना बोलावून विचारलं तर कळलं, सरांनी दिलेल्या दोन पिका केव्हाच हरवल्या होत्या. नवी सिमकार्डं ज्या मोठ्या प्लॅस्टिकच्या कार्डात येतात, ती कार्डं पोरी कात्रीने कापून वापरत होत्या. कात्रीने कापलेल्या प्लॅस्टिकची कड कशी असते, तुम्हाला सांगायला नको. ओरखडे त्याचे होते. जालन्याच्या दुकानात पिक दहा-वीस रुपयांना मिळते. पोरींनी आमच्याकडे मागितली नाही, कारण तीन हजार दोनशे आधीच खर्च झालेत म्हणून आम्ही त्यांना दर महिन्याला ऐकवत होतो.

सरांचा दुसरा प्रश्न: रेघ नुसती पॉलिशवर आहे की लाकडात गेली आहे? ते ओळखायची सोपी रीत त्यांनी सांगितली. बोट किंचित ओलं करून जागेवरून फिरवायचं. काही फरक पडला नाही तर रेघ पॉलिशवरची. जागा काळपट झाली तर पॉलिश गेलं, लाकूड उघडं पडलं. पॉलिशवरची रेघ म्हणजे नुसतं दिसण्याचं दुखणं, आवाजात काही फरक पडत नाही. लाकूड उघडं पडलं तर मात्र घाम आणि दमट हवा आत जाते आणि झीज वाढत जाते. आमच्या रेघा पॉलिशवरच्या निघाल्या. म्हणजे दोनशे रुपये आम्ही कशाचे घेतले, तर दिसण्याचे.

सरांनी अमेरिकेतल्या एका गायकाची गोष्ट सांगितली. विली नेल्सन त्यांचं नाव, नव्वदी पार केलेला माणूस. १९६९ साली त्यांनी एक गिटार घेतली. ती होती नुसत्या बोटांनी वाजवायची, नायलॉनच्या तारांची, आणि तसल्या गिटारींना पिकगार्ड नसतो. हे मात्र ती पिकने वाजवत राहिले. घासून घासून गोल भोकाशेजारी दुसरं भोक पडलं, चांगलं मोठं. तरी गिटार तीच ठेवली. तिला त्यांनी ट्रिगर असं नाव दिलेलं आहे.

हे ऐकून आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, मग आपल्या देवळातली वीणा बघा की. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस पहारा चालतो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्या जागी हात टेकतो तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, रंग उडालाय. त्या झिजेचा दंड कोणत्या वीणेकऱ्याकडून घेतला?

कुणी काही बोललं नाही. खजिनदारबाई उठल्या, पेटीतून दोनशे रुपये काढले आणि आक्कांच्या हातात द्यायला गेल्या. आक्कांनी घेतले नाहीत. पावती फाडलीय म्हणाल्या, रजिस्टर बिघडेल. दोन बैठका हे चाललं. शेवटी रजिस्टरमध्ये लाल शाईने ‘दंड चुकीने घेतला, परत’ असं लिहिलं, खाली सगळ्यांनी सह्या केल्या, तेव्हा त्यांनी पैसे घेतले.

पण मूळ प्रश्न राहिलाच होता. पिकगार्ड लावायचा की नाही?

न लावण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गिटारीचा आवाज येतो तो वरच्या फळीच्या थरथरण्याने. ही फळी अडीच-तीन मिलिमीटरची, बिस्किटाहून पातळ. तिच्यावर जाड काही चिकटवलं की थरथर दबते. सनमायका तर विचारूच नका. शिवाय एकदा लावलेला तुकडा काही वर्षांनी काढला तर त्याखालचं लाकूड फिकट राहिलेलं दिसतं. बाकीचं उजेडाने काळवंडतं ना. बांगड्या उतरवल्यावर मनगट दिसतं, तसं. आणि चुकीचा लावला तर नुकसानच. अमेरिकेत मार्टिन म्हणून १८३३ पासूनची गिटार बनवणारी कंपनी आहे. तिच्यासारख्या नामांकित कंपनीनेही कित्येक वर्षं पिकगार्ड कोऱ्या लाकडावर चिकटवला आणि मग वरून पॉलिश दिलं. प्लॅस्टिक वर्षांगणिक आखडत गेलं, खालचं लाकूड आखडेना, आणि कडेला फळ्या तडकल्या. पुढे त्यांनी ही पद्धत सोडली. आता पॉलिशवर चिकटवतात.

आपल्या मिरजेच्या सतारीला असं काही लावत नाहीत. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेल. सतारीची नखी बोटात घट्ट बसलेली असते आणि तारा तबलीपासून चांगल्या उंच असतात, त्यामुळे गरज कमी. गिटारीत तार आणि लाकूड जवळजवळ, आणि हात मोठा फिरतो. उलट स्पेन देशात फ्लामेंको म्हणून नाचगाणं आहे, त्यात वाजवणारा गिटारीच्या पोटावर बोटांनी ठेका धरतो, आपण घागरीवर धरतो तसा. तिथे गार्ड लावतातच, नाहीतर फळी टिकायची नाही.

म्हणजे लावावा की नाही, हे वाजवणाऱ्यावर आणि वाजवण्यावर आहे. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, वस्तू वापरण्यासाठी असते, झिजू द्या. नव्या सोफ्यावर प्लॅस्टिक ठेवून बसायची खोड आपल्यात आहेच. दुसरा म्हणे, ही एका घरातली वस्तू नाही. आम्हाला विचाराल तर दुसऱ्या तटाचं खरं वाटलं. पोरीची स्वतःची गिटार असती तर आम्ही काही लावू नको म्हटलं असतं. तिची गिटार, तिच्या रेघा. पण तीन पोरी वाजवतात, उद्या सहा वाजवतील. प्रत्येक नव्या रेघेला कुणाची, कुणाची म्हणून बोट दाखवलं जाणार. ते दीडशे रुपयांत टळत असेल तर टाळावं.

शिवाय ही गिटार साधी आहे. फळी अख्ख्या लाकडाची नाही, प्लायवूडची आहे. तिच्यावर पातळ पिकगार्ड लावल्याने आवाजात जो फरक पडेल तो आमच्या कानांना कळणार नाही. महागडी गिटार असती तर दहादा विचार केला असता.

मग रंग. दुकानात दोन प्रकार होते, पारदर्शक आणि काळा. आम्ही सगळ्यांनी पारदर्शक पसंत केला, गिटारीचं मूळ रूप दिसतं म्हणून. घेऊनही टाकणार होतो. बरोबर पोरगी आली होती. तिने हळूच विचारलं, याच्याखाली रेघा दिसतील का? हो, दिसतील की, दुकानदार म्हणाला. ती पुढे काही बोलली नाही. पण आमच्यातल्या दोघींना ते कळलं. काळा घेतला.

आता सरांचा शेवटचा प्रश्न सांगायचा राहिला. गिटार ठेवता कुठे? आम्ही अभिमानाने सांगितलं, समाजमंदिरात, कुलपात, खिळ्याला. वर काय आहे? पत्रे. सर गप्पच झाले. म्हणाले, घोडी बघा. जिच्यावरून तारा येतात ती खालची लाकडी पट्टी. बघितलं, तर घोडीच्या मागच्या अंगाला वहीचं पान आत जाईल एवढी फट पडली होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली तर भट्टीच. त्या उष्णतेने सरस मऊ होतो, वरून तारा ओढत असतात, घोडी सुटत जाते. कोरड्या हवेत लाकूड तडकतं ते वेगळंच. ओरखड्यावर महिनाभर भांडलो, आणि ही फट कुणी पाहिली नव्हती. तिचा दंड कुणाकडून घ्यायचा होता? खिळा तर आम्हीच ठोकला होता.

जालन्याला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे घोडी बसवून घेतली, पाचशे रुपये लागले. दोन दिवस शिकंजात आवळून ठेवली होती. पिकगार्ड कसा लावायचा तेही त्यांनीच दाखवलं. ब्लाउजचं कटिंग येतं त्या बाईला हे अवघड नाही. आधी वर्तमानपत्राचा कागद कापून जागेवर ठेवून बघायचा. भोकाच्या कडेबाहेर आत लोंबता कामा नये, घोडीला टेकता कामा नये. मग गिटारीची ती जागा साफ करायची. इथे आमचं खोबरेल तेल नडलं. तेलकट जागेवर गोंद धरत नाही. मऊ कापडाने, अगदी थोड्या साबणाच्या पाण्याने, दोन-तीनदा पुसून कोरडी करावी लागली. पिकगार्डच्या मागे गोंद लागलेलाच असतो, वरचा कागद सोलायचा. एकदम सगळा सोलायचा नाही, एका कडेने सोलत आणि बोटाने दाबत जायचं, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. फेविक्विक अजिबात वापरायचं नाही, पॉलिश खातं. कधी काढायची वेळ आली तर जागा किंचित कोमट करून हळूहळू सोडवायचा, ओढायचा नाही. आणि लाकूड उघडं पडलेलं असेल तर आधी पॉलिश करून घ्यायचं, कोऱ्या लाकडावर चिकटवायचं नाही.

आमचं तेवढ्यातही एक कोपऱ्यात फुगा राहिलाच. चण्याएवढा आहे. नजरेत भरतो, पण राहू दिला.

गिटार आता समाजमंदिरात नाही. गावात सगळ्यात गार खोली कुठली म्हणून आम्ही फिरून पाहिलं. स्लॅबची घरंही दुपारी तापतात. शेवटी आक्कांचं जुनं माळवदाचं घर निघालं, मातीच्या जाड भिंतींचं, उन्हाळ्यातही आत गेलं की डोळ्यांना अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. तिथे आतल्या खोलीत, दारापासून लांब, चुलीपासून लांब, गिटार ठेवली आहे. जुन्या गोधडीची खोळ शिवली आहे तिला. बऱ्याच दिवसांसाठी बंद ठेवायची असेल तर तारा थोड्या सैल करायच्या, असं दुरुस्तीवाल्यांनी सांगितलंय. पण बंद राहतच नाही. बाकीच्या दोघी आता तिथेच येतात, आणि आक्का म्हणतात, सकाळी उठल्या उठल्या हिचं सुरू होतं, भाकरी करपते.

काल आम्ही जाऊन पाहिलं. काळ्या पिकगार्डवर बारीक रेघा आल्या आहेत. दुकानातल्या पिकेने आल्या आहेत, कात्रीच्या कार्डाने नाही. पोरीचे आईबाप पाडव्याला येतील, तेव्हा तिला त्यांच्यापुढे वाजवायचं आहे. गाणं कोणतं ते सांगत नाही.

खर्च लिहून घ्या, कुणाला करायचा असेल तर उपयोगी पडेल. पिकगार्ड दीडशे, घोडी पाचशे, पिका चार घेतल्या त्यांचे साठ, जालन्याचं जाणं-येणं वेगळं. खोळ घरातल्याच कापडाची. सगळा गटाच्या नावावर टाकला आहे.

पुढच्या खेपेला आमच्या शेजारच्या गटाच्या ताई येणार आहेत, मोसंबीच्या फळगळीवर बोलायला. येतो आम्ही. नमस्कार.